दीड सूत

सकाळीच ओरेस्तचा फोन, कॅलगरीहून:
गॅरेजला टाका गाडी, पैसे मी पाठवतो.
तातोंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला
आणि हनुवटीनं भिंतीकडचा जॅक दाखवला.

सुगीपासून ब्यूक डावीकडे ओढते आहे.
बाहेर कॅनोलाची धसकटं, वर रानहंस दक्षिणेला निघालेले,
शेडमध्ये श्वास दिसतो.
तातो उलट्या बादलीवर, गुडघ्यांवर घोंगडी,
उजवा हात डाव्यात दाबून धरलेला,
जसं एखादं हूड कोंबडं धरून बसावं.

"आधी नट सैल कर, मग उचल.
लटकलेलं चाक पान्याला दाद देत नाही,
नुसतं फिरत राहतं."
मी पान्यावर उभी राहते
बावन्न वर्षांच्या सगळ्या वजनानिशी.
पहिला नट किंचाळतो.
हलूश्काकडचं कुत्रं त्याला उत्तर देतं.

पुढची चाकं सरळ मागे.
मागची पुढे येताना बाजू बदलतात.
मेणखडूनं लिहिते प्रत्येकावर, कुठून आलं, कुठं चाललं.
एका टायरच्या आतल्या अंगाला
गेल्या वर्षीचं त्यांचं अक्षर आहे, भेलकांडलेलं,
आणि त्याखाली पुसट
आदल्या वर्षीचं, ताठ.

"आता रबरावरून हात फिरव."
आतून बाहेर जाताना गुळगुळीत,
परतताना करवतीचे दाते.
त्यांना स्वतःला बघायचं होतं. हात पुढे केला, थांबले.
मग माझं मनगट धरून माझाच तळवा फिरवला
जाऊन-येऊन, दोनदा,
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले
तिथं काही लिहिल्यासारखं.
"पुढून फाकलीत," म्हणाले.

बॅलन्सर लिलावातला, चौदा डॉलरचा.
काचेखाली तेल, तेलात एक बुडबुडा.
चाक आडवं ठेवलं
की हलक्या बाजूला सरकतो.
"हे मी करणार."
शिशाचा तुकडा चिमटीत, चिमटी रिमच्या काठाशी,
आणि बुडबुडा वेडापिसा.
आई चहा घेऊन आलेली, दारातच थबकली.
कपांचा आवाजसुद्धा केला नाही तिनं.
त्यांनी शिसं टेकवलं. हात काढून घेतला.
बुडबुडा एकदा इकडे गेला, एकदा तिकडे,
मग वर्तुळात येऊन बसला.
म्हणजे, जवळपास.
मी डोळा लावून बघितलं नाही.

मग दोरी. मासे धरायची, पिवळी,
गाडीच्या दोन्ही अंगांना स्टँडवर ताणलेली.
चाकांखाली फरशीचे दोन-दोन तुकडे, मध्ये ग्रीस,
चाकांना वळायची मोकळीक हवी.
दोरीपासून रिमचा पुढचा काठ. दोरीपासून मागचा.
फरक दीड सूत.
एवढ्याशानं एका उन्हाळ्याचं रबर खाल्लं.
"पाव फेरा दे. पाव म्हटलं मी, अर्धा नाही."
पाठीवर पडून टाय रॉड फिरवते,
डोळ्यात गंज पडतो,
आणि गाडीखालून फक्त त्यांचे बूट दिसतात:
एक रोवलेला, एक नाचता.
पुन्हा मोज. पुन्हा पाव.
चहा गार झाला.

संध्याकाळी खडीच्या रस्त्यावर नेली.
अकरा मैल, सुतासारखा.
"सोड स्टिअरिंग."
सोडलं.
धान्याचा एलिव्हेटर मागे गेला,
चर्चचा कांद्यासारखा घुमट,
कुणाची तरी गंजलेली मळणीची गाडी.
बऱ्याच उशिरा, अगदी जराशी,
ब्यूक उजवीकडे कलली.

मी त्यांच्याकडे बघितलं.
"तो रस्त्याचा उतार," तातो म्हणाले.
"पाणी वाहून जावं म्हणून ठेवतात."
दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. एक हलत होता.
मी स्टिअरिंगला बोट लावलं,
एकच.